जामीन झाला, जामीन मिळेना

तुरुंगाच्या स्त्री-विभागात एका बाईला मी मोठ्या आनंदाने सांगायला गेले, "तुझा जामीन झाला." पंधरा हजार रुपये आणि एक ऐपतदार जामीनदार, असा हुकूम होता. ती म्हणाली, "ताई, जामीन झाला, पण जामीन राहणार कोण?"

हुकमालाही जामीन म्हणायचे आणि हमी घेणाऱ्या माणसालाही. हुकूम आला, माणूस आला नाही. नवऱ्याने पाठ फिरवलेली, भावाला अब्रूची भीती. सातबारा किंवा घरपट्टीची पावती बाईच्या नावावर कुठली असायला! आणि हीच बाई बचतगटात दुसरीच्या कर्जाला जामीन राहिली होती. तिथे तिचा शब्द चालला. दीड महिना ती 'जामीन झालेली' आतच होती. शेवटी अर्ज करून जातमुचलक्यावर सुटली.

हे आधीच का झाले नाही? १९७८ साली मोतीराम या गवंड्याच्या खटल्यात दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीन मागितला होता, वर भाऊ परजिल्ह्यातला म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितले, की स्वतःच्या मुचलक्यावर सोडणे हाही जामीनच. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जामिनाची व्याख्याच दिली आहे, तिच्यातही जामीनदाराविना मुचलका बसतो. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करण्याचा विचार कोर्टाने आपणहून करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटले. तरी हुकमात 'एक जामीनदार' सवयीने पडतोच.

मैत्रिणींनो, आपलीही एक सवय आहे. मारहाण करणाऱ्या नवऱ्याचा जामीन झाला की आपण 'सुटला' म्हणतो. मोर्चात 'जामीन देऊ नका' ही घोषणा मीही दिली आहे. तो गावात पेढे वाटतो, बायको दाराला आतून कडी लावून बसते. तिची भीती खरीच आहे. पण जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. त्याने तिच्या घराकडे फिरकू नये, साक्षीदारांना धमकावू नये, या अटींसाठी आपण भांडले पाहिजे. जामीन नाकारणे हीच शिक्षा असे आपणच म्हणू लागलो, तर त्या आतल्या बाईसाठी कुठल्या तोंडाने बोलणार?

आमच्या गटात दोघींच्या नावावर घर आहे. पुढच्या वेळी जामीन राहाल का, असे मी त्यांना विचारले. एक लगेच हो म्हणाली. दुसरी म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते."