विज्ञानाची ओसरी : शिरोड्याचें मीठ आणि विजयदुर्गावरील सूर्य

घरांतील वडील माणसाच्या रक्ताची तपासणी झाली, कीं हातीं येणाऱ्या कागदावर ‘सोडिअम’ हा शब्द हटकून असतो, व त्यापुढें १३५ ते १४५ ही निरोगी माणसाची मर्यादा छापलेली असते. त्याच घरांतील शाळेंत जाणारा नातू सांगतो, कीं सोडिअम हा धातु पाण्यांत टाकिला तर पेट घेतो, म्हणून तो रॉकेलांत बुडवून ठेवितात. मग असला आग्यावेताळ आजोबांच्या रक्तांत सुखानें कसा नांदतो? शंका रास्त आहे. आणि तिचें समाधान पहिलीच्या वजाबाकीनें होण्यासारखें आहे, हें आम्ही आज दाखविणार आहों.

प्रत्येक अणूच्या मध्यभागीं एक अतिसूक्ष्म केंद्रक असतें. त्यांत धनभाराचे प्रोटॉन व भाररहित न्यूट्रॉन असतात, आणि केंद्रकाभोंवतीं ऋणभाराचे इलेक्ट्रॉन असतात. इलेक्ट्रॉनाचा शोध टॉमसन यांनीं १८९७ सालीं लाविला, न्यूट्रॉनाचा चॅडविक यांनीं १९३२ सालीं. या दोहोंच्या दरम्यान, १९१३ सालीं, मोस्ले या तरुण शास्त्रज्ञानें क्ष-किरणांच्या साह्यानें असें सिद्ध केलें, कीं मूलद्रव्याचा अणुक्रमांक हा केवळ यादींतील अनुक्रम नसून केंद्रकांतील धनभाराची ती मोजदाद आहे. दोनच वर्षांनीं गॅलिपोलीच्या रणांत हा बुद्धिमान पुरुष वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं मारला गेला. त्यानें मागें ठेविलेल्या आधारावरच आजचा आमचा हिशेब उभा आहे.

हिशेबाचीं कलमें तीनच आहेत. अणुक्रमांक म्हणजेच प्रोटॉनांची संख्या. वस्तुमानांकांतून अणुक्रमांक वजा केला कीं न्यूट्रॉन मिळतात. आणि अणु भाररहित असेल तर जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन. तो आयन असेल तर मात्र धनभार तितका वजा करावयाचा व ऋणभार तितका मिळवावयाचा. येथेंच मुलांची गल्लत होते. अधिक चिन्ह पाहून तीं इलेक्ट्रॉन वाढवितात. वस्तुतः इलेक्ट्रॉन ऋणभारी असल्यामुळें तो गेला म्हणजे अधिक चिन्ह येतें, व आला म्हणजे उणें चिन्ह येतें.

आतां १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहानें प्रसिद्धीस आलेल्या शिरोड्याच्या मिठागराकडे वळूं. तेथील मिठाचा एक खडा घ्या. त्यांतील सोडिअमचा अणुक्रमांक ११, वस्तुमानांक २३. म्हणून प्रोटॉन ११ व न्यूट्रॉन १२. धातुरूप सोडिअमांत इलेक्ट्रॉनही ११ च असतात. परंतु त्यांतील शेवटचा एक टाकून देण्याची त्याला विलक्षण घाई असते, आणि पाण्यांतील भडका हा त्या घाईचाच परिणाम. मिठांत, समुद्रांत आणि आपल्या रक्तांत जो सोडिअम आहे, त्यानें तो इलेक्ट्रॉन आधींच दिलेला आहे. त्याचे इलेक्ट्रॉन १०, भार अधिक १. घाई संपली, म्हणून आगही संपली. केवळ एका इलेक्ट्रॉनाच्या अंतरानें दाहक धातूचा जीवनावश्यक आयन झाला.

क्लोरिनाचा अणुक्रमांक १७. त्याचें वस्तुमान पुस्तकांत ३५.४५ दिलेलें पाहून कोणी त्यांतून १७ वजा करूं लागेल, तर साडेअठरा न्यूट्रॉन पदरीं पडतील! पण अर्धा न्यूट्रॉन कोठेंच नसतो. ती संख्या सरासरीची आहे. निसर्गांत ३५ व ३७ वस्तुमानांकाचे क्लोरिन सुमारें तीनास एक या प्रमाणांत मिसळलेले आहेत. एकांत न्यूट्रॉन १८, दुसऱ्यांत २०. मिठांत मात्र दोघांनींही एकेक इलेक्ट्रॉन घेतलेला असल्यानें दोघांचे इलेक्ट्रॉन १८.

किनाऱ्यावरच्या शिंपल्यांत कॅल्शिअम असतें. त्याचा क्रमांक २०, भार अधिक २. तेव्हां त्याचेही इलेक्ट्रॉन १८ च. हवेंतील आर्गॉन वायूचेही तितकेच. तिघांचे इलेक्ट्रॉन सारखे, पण तिघे निरनिराळे. कारण मूलद्रव्याची ओळख प्रोटॉनांवरून ठरते.

सोडिअमचा पिवळा प्रकाश याच जिल्ह्याला एका मोठ्या शोधाशीं जोडतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणच्या या किनाऱ्यावरून जमखंडी, गुंटूर अशी पूर्वेकडे गेली. सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटांत एक पिवळी रेषा दिसली, व ती सोडिअमचीच असावी असें प्रथम वाटलें. विजयदुर्गावर ‘साहेबाचा कट्टा’ दाखवून लॉकिअर यांनीं तेथूनच हेलियम शोधला असें सांगतात. किल्ल्याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु लॉकिअर त्या वेळीं इंग्लंडांत होते. ग्रहणाचे वेध गुंटूर येथें जान्सेन यांनीं घेतले. लॉकिअर यांनीं ती रेषा ऑक्टोबरांत इंग्लंडांतून, ग्रहणावांचून पाहिली व ती सोडिअमच्या जोडरेषांपासून किंचित् दूर आहे हें ओळखलें. सोडिअमच्या रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. एवढ्याशा फरकावरून नवें मूलद्रव्य मानण्याचें धैर्य खरें मोठें. विजयदुर्गावरून छाया गेली, हा मान कांहीं लहान नव्हे. त्यास असत्याच्या टेकूची गरज नाहीं.

पृथ्वीवर हेलियम रॅम्से यांच्या हातीं लागला तो १८९५ सालीं, युरेनिअमच्या एका खनिजांत. तो तेथें कां असावा? याचेंही उत्तर आमच्या जमाखर्चांत आहे. युरेनिअमांतून बाहेर पडणारा अल्फा कण म्हणजे प्रोटॉन २, न्यूट्रॉन २, इलेक्ट्रॉन शून्य; अर्थात् अधिक २ भाराचा हेलियम आयन. भोंवतालचे दोन इलेक्ट्रॉन त्यानें उचलले, कीं झाला हेलियम वायु.

वाचकांनीं आतां एक उदाहरण स्वतः सोडवावें. आपल्या जांभ्या दगडाचा तांबूस रंग लोहामुळें आहे. लोहाचा अणुक्रमांक २६, वस्तुमानांक ५६, आणि जांभ्यांतील त्याच्या आयनाचा भार अधिक ३. उत्तर २६, ३० व २३ असें आलें, तर पाटी पुसावयास हरकत नाहीं. न आल्यास प्रोटॉनांतून इलेक्ट्रॉन वजा करून ताळा पाहावा; बाकी ३ राहिलीच पाहिजे.