चढावर चालायची लाज कसली?

डिसेंबर उजाडला की आमच्या ऑफिसात एक साथ पसरते. सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी उभं राहावं तर कोणी तुटलेल्या बिल्डबद्दल बोलत नाही, कोणी क्लायंटच्या नावाने खडे फोडत नाही. एकच प्रश्न, "काल किती?" म्हणजे किती किलोमीटर आणि किती वेळात. उत्तर दिलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, जरा डोळे बारीक करून. "सगळं पळालास? की मधे चाललास?"

आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नावर आहे. आधीच सांगून टाकतो, मला त्याचा भयंकर राग येतो. त्याचं कारण असं की दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा मीच विचारत होतो.

तर झालं काय, दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही ऑफिसातले पाच जण एका घाटातल्या हाफ मॅरेथॉनला गेलो. (नाव सांगत नाही, आयोजकांची काही चूक नव्हती.) घाटातली हाफ म्हटलं की सगळ्यांना साताऱ्याची आठवते, ती २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात होते. पण ती सप्टेंबरात, पावसाळी हवेत. आमची होती ऐन थंडीत. रस्त्याची रचना मात्र तशीच, निम्मं अंतर वर, मग वळसा आणि निम्मं अंतर खाली. एकूण २१.०९७५ किलोमीटर. जाणारे आणि येणारे एकाच रस्त्यावर असल्यामुळे सगळे एकमेकांना दिसतात.

मी वरून वळून उतरायला लागलो होतो. एका वळणावर समोरून आमचा एक मित्र येताना दिसला. चालत. कमरेवर हात, मान खाली. मी त्याला लांबूनच ओरडलो, "ए! चालायचं नाही हं! पळ, पळ!" त्याने वर पाहिलं, हसला आणि पळायला लागला. मला वाटलं, वा, काय मोटिव्हेशन दिलं आपण.

दोन वळणं पुढे तो चक्कर येऊन पडला. हनुवटीला टाके, मनगटाचं हाड मोडलं, प्लॅस्टर. नशीब चांगलं म्हणून तेवढ्यावर भागलं. दोन दिवसांपासून त्याचं पोट बिघडलेलं होतं, अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं, आणि सहाव्या किलोमीटरपासूनच डोळ्यांपुढे अंधारी येत होती. म्हणूनच तो चालत होता. दवाखान्यात मी त्याला विचारलं, "अरे मग चालत का नाही राहिलास?" तो म्हणाला, "तू ओरडलास ना."

असो. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो आहे. स्वभाव इंजिनिअरचा, त्यामुळे आधी आकडेमोड केली.

पहिली गोष्ट वेगाच्या सरासरीची. आमच्यातल्या निम्म्यांना वाटतं की चढावर जे जातं ते उतारावर भरून निघतं. समजा सपाटीवर तुम्ही ताशी १० किलोमीटरने पळता. हाफला लागतील सुमारे २ तास ७ मिनिटं. आता घाटात चढताना ताशी ८ आणि उतरताना ताशी १२ धरा. सरासरी दहाच ना? चूक. चढाला ७९ मिनिटं, उताराला ५३, एकूण २ तास १२ मिनिटं. पाच मिनिटं कुठे गेली? कुठेच गेली नाहीत. कमी वेगात आपण जास्त वेळ घालवतो, म्हणून सरासरी खाली येते. शाळेत आगगाडीच्या गणितात हे सगळ्यांनी केलंय. बूट घातले की विसरतात.

दुसरी गोष्ट शक्तीची. इटलीतला संशोधक मिनेत्ती आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डोंगरात पळणाऱ्या खेळाडूंना वेगवेगळ्या चढ-उतारांवर पळवून आणि चालवून ऑक्सिजन मोजला. त्यांच्या सूत्रात आकडे घातले तर दहा टक्के चढावर एक किलोमीटर पळायला सपाटीच्या मानाने साधारण ६५ टक्के जास्त शक्ती लागते. तोच चढ चालत गेलं तर पळण्यापेक्षा सुमारे १८ टक्के कमी. सहा टक्क्यांचा चढ पळताना जेवढी शक्ती जादा जाते, तेवढी सहा टक्क्यांच्या उतारावर वाचत नाही. थोडक्यात, घाट कर्ज देतो पण पूर्ण परतफेड कधीच करत नाही.

आता यातली खरी गंमत. सपाटीवर वेग वाढवत नेला तर ताशी सात किलोमीटरच्या आसपास माणूस आपोआप चालण्यावरून पळण्यावर येतो. त्याच्या खाली चालणं स्वस्त, वर पळणं स्वस्त. त्या वर्षी चढाचे साडेदहा किलोमीटर मी एकदाही न चालता १ तास ३२ मिनिटांत 'पळालो'. भागाकार केला तर ताशी ६.९ किलोमीटर. ही झाली सरासरी, म्हणजे उभ्या चढावर त्याहून कितीतरी कमी. मी चालण्याच्याच वेगाने जात होतो, फक्त उड्या मारत! शेजारून एक पन्नाशीचे काका झपाझप चालत माझ्याबरोबर होते. ते घामाघूमही नव्हते, आणि मी मात्र मनात त्यांची कीव करत होतो.

तिसरी गोष्ट पायांची. घाटातल्या हाफमध्ये पाय खलास होतात ते उतारावर. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असताना ब्रेक मारत असतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे रडू येतं ते त्याचंच. चढावर ते स्नायू थकवून ठेवले की उतारावर ब्रेक लागत नाहीत. मग टाचा आपटतात, गुडघे बोलायला लागतात आणि जिथे वेळ वाचवायचा तिथेच लंगडत यावं लागतं.

आता थंडी. थंडीत पळणं सोपं असं सगळे म्हणतात. सपाटीवर ते बऱ्याच अंशी खरंही आहे, उगाच नाही आपल्याकडच्या मोठ्या मॅरेथॉन डिसेंबर-जानेवारीत होत. पण घाटातली थंडी फसवी असते. निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन दरीत उतरते. त्यामुळे पायथ्याशी हुडहुडी भरते आणि वर चढावं तसं उलट उबदार लागतं. त्याच थंड हवेखाली शेकोट्यांचा आणि चुलींचा धूरही अडकून बसतो. म्हणजे सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर अंग आखडलेलं, हवा सगळ्यात गार, धूर सगळ्यात जास्त, आणि त्यात ऊब यावी म्हणून आपण सुसाट सुटतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, तिथेच चढ सुरू. तहान फारशी लागत नाही, आणि कोरड्या हवेत घाम आल्याचं कळतही नाही. वळशाला पोहोचलो की ओल्या टी-शर्टावर वारा. आणि उतरताना नऊच्या सुमाराला ऊन चटके द्यायला लागतं. एका सकाळीत दोन ऋतू! अशा दिवशी शरीर काय सांगतंय ते ऐकत, गरज पडेल तिथे वेग कमी करणं हीच अक्कल आहे.

पण ऐकणार कसं? समोरून कोणीतरी ओरडत असतं ना.

"पण मग पळण्याची शर्यत कशाला म्हणायचं? चालायचंच असेल तर वॉकेथॉनला जा." हा आक्षेप मला दर वेळी ऐकावा लागतो. त्याला माझं उत्तर, दक्षिण आफ्रिकेत जाऊन विचारा. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यात होणारी कॉम्रेड्स १९२१ पासून चालू आहे. जवळपास नव्वद किलोमीटर, सगळा डोंगराळ रस्ता, बारा तासांची मुदत. तिथे हौशी लोक मोठ्या चढांवर सरळ चालतात आणि त्याची कोणाला लाज नाही. कुठे चालायचं हे आधी ठरवून येतात. अमेरिकेचा जेफ गॅलोवे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला माणूस. त्याने पुढे हौशी लोकांना पळा-चाला-पळा असंच शिकवलं. ऑलिंपिकवाल्याला चालण्याचं वावडं नाही, आणि आठवड्यातून तीनदा सोसायटीला फेऱ्या मारणाऱ्या आपल्याला आहे!

दुसरा आक्षेप जरा भारदस्त असतो. "हे सगळं मनाचं असतं रे. शरीर कुरकुर करतं, मनाने ओढायचं." यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पहाटे साडेचारला रजई सोडायला मनच लागतं. पण कुरकुर आणि इशारा यांत फरक आहे. पोटऱ्या दुखणं ही कुरकुर. डोळ्यांपुढे अंधारी, छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, हा इशारा. अमेरिकेतल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनचा २००० ते २०१० चा अभ्यास आहे. सुमारे एक कोटी नऊ लाख धावणाऱ्यांत ५९ जणांचं हृदय बंद पडलं. म्हणजे धोका फारच थोडा, घाबरून घरी बसायचं काहीच कारण नाही. पण त्या ५९ मध्ये आपण नसू हे घड्याळ सांगत नाही. आणि चालण्याला हरणं मानणारा माणूस इशाऱ्यालाही कुरकुरच समजतो. माझ्या मित्राने तेच केलं, आणि ते त्याला आम्ही शिकवलं होतं.

मला स्वतःला अक्कल आली ती सिंहगडावर. रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने गड चढणाऱ्यांची एक जमात आहे. सगळे टायमिंगवाले. मीही घड्याळ लावून पळत सुटलो होतो. दहा मिनिटांनी एका दगडाला धरून उभा. मागून डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी घेतलेल्या एक मावशी आल्या, एका लयीत, न थांबता. मी श्वास घेऊन पुन्हा पळालो, त्यांना मागे टाकलं, पुन्हा थांबलो. पुन्हा त्या पुढे. असं तीनदा झालं. शेवटी त्या म्हणाल्या, "दादा, एवढं धापा टाकत वर जाऊन काय करनार? दही तर माझ्याकडंच हाय."

काय बोलणार! मुकाट त्यांच्या मागे चालायला लागलो. त्या दिवशी माझं टायमिंग नेहमीपेक्षा बरं आलं, आणि दहीही मिळालं.

पुढच्या डिसेंबरात त्याच घाटात मी विजेच्या खांबांचा हिशोब ठेवला. तीन खांब पळायचं, एक खांब चालायचं, आणि उभा चढ आला की खांब न मोजता चालायचं. चढाला १ तास ३६ मिनिटं लागली, आधीच्या वर्षीपेक्षा चार जास्त. उतार मात्र १ तास ५ मिनिटांत, आधी १ तास १६ लागली होती. एकूण २:४८ चे २:४१. एकाच माणसाचा एकच प्रयोग आहे, यावरून कोणी सिद्धांत मांडू नये. हवा वेगळी असेल, सराव जास्त झाला असेल. पण 'चाललास म्हणजे हरलास' हा सिद्धांत तर तेवढ्याही पुराव्यावर उभा नाही.

आता चालणाऱ्यांनाही दोन शब्द, नाहीतर पक्षपात होईल. चालायचं तर रस्त्याच्या कडेने चाला. तिघातिघांनी हात हातात घालून अख्खा घाट अडवू नका. चालता चालता मधेच थांबून सेल्फी काढू नका, मागच्याचा पाय मुरगळतो. आणि मुदतीचा हिशोब आधी करा. साडेतीन तासांची मुदत असेल तर किलोमीटरला दहा मिनिटांहून थोडं कमीच मिळतं. सगळं अंतर चालून ते जमत नाही. चालणं हा आळस लपवायचा परवाना नव्हे, आधी ठरवून केलेली कामाची वाटणी आहे.

आम्ही हौशी माणसं आहोत. आम्हाला कोणी पदकाचे पैसे देत नाही, उलट आम्हीच फी भरून पळतो. सोमवारी नऊ वाजता स्टँड-अपला उभं राहायचं असतं (तेही मांड्या धरून). मग आमच्या रविवारच्या सकाळीचा न्यायाधीश कॉफी मशीनपाशी का बसवायचा?

या डिसेंबरात माझा मित्र पुन्हा येतोय. मनगट बरं आहे, बायकोची परवानगी महत्प्रयासाने मिळाली आहे. दोघेही चालणार आहोत, खांब मोजत. तुमच्यापैकी कोणी त्या दिवशी कुठल्याही घाटात असाल आणि वरून उतरताना समोर कोणी कमरेवर हात ठेवून चालताना दिसलं, तर कृपा करून "पळ, पळ" म्हणू नका. "बरा आहेस ना? पाणी हवं का?" एवढं विचारा. तुमचे चार सेकंद जातील. तेवढे उतारावर नक्की भरून निघतात :)