दुसरी पदवी : नावाआधी क्रेडिट मोजा

आपल्या मंडळातल्या बऱ्याच भगिनी भारतातून बी.एस्सी., बी.कॉम. होऊन आलेल्या आहेत. इथे कॉम्प्युटर सायन्सची दुसरी पदवी घ्यावी, असे त्यांच्या मनात असते. आमचे मत स्पष्ट आहे : विद्यापीठाचे नाव नंतर, जुन्या पदवीचे किती धरतात, ते आधी विचारा. ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या पूर्ण पदवीला १८० क्रेडिट लागतात. पदवीधरांना मात्र ६० क्रेडिटमध्ये, तेही घरबसल्या, ही पदवी मिळते. पुन्हा इंग्रजी-इतिहास करायला लावणाऱ्या ठिकाणी वर्षेही जातात आणि डॉलरही. ग्रीन कार्ड असले तरी पदवीधराला सरकारी पेल ग्रँट मिळत नाही. एच-४ व्हिसावर शिकता येते, पण नोकरीला वेगळा परवाना लागतो. हा हिशेब फी भरण्यापूर्वीच दोघांनी बसून करावा.