मोठा जिताडा पाण्यात परत का सोडावा?

किनाऱ्यावर उभे राहून कृत्रिम आमिषाने मासे गरवण्याची हौस आपल्या खाड्यांना आता नवी राहिलेली नाही. ओहोटी लागण्याच्या सुमारास उघाडीच्या तोंडाशी, पुलाच्या खांबांजवळ किंवा कातळाच्या टोकावर काठी आणि रीळ घेऊन उभी असलेली तरुण मंडळी रायगडपासून गोव्यापर्यंत दृष्टीस पडतात. त्यांच्यापैकी अनेकांचे लक्ष्य एकच असते, ते म्हणजे जिताडा. शास्त्रीय परिभाषेत हाच लॅटेस कॅल्कॅरिफर. गोव्यात त्याला चोणक म्हणतात, बंगालात भेटकी, तामिळनाडूत कोडुवा, केरळात काळांची, आंध्र प्रदेशात पंडुगप्पा आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. इंग्रजीत सरसकट ‘सी बास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशांपैकी आपल्या किनाऱ्याचा प्रतिनिधी हाच आहे.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने माशाविषयी मत का मांडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यास दोन कारणे आहेत. आमिष दाखवून सजीवाला पकडणे हा आमच्या शाखेचा नित्याचा विषय आहे, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जिताड्याचे बालपण ज्या पाण्यात जाते, त्याच पाण्यात आम्ही शिफारस केलेल्या कीटकनाशकांचा निचरा होतो.

प्रथम आमिषाचा विचार करू. जिताडा हा दबा धरून बसणारा शिकारी आहे. कांदळवनाच्या मुळांआड, बांधाच्या दगडांशेजारी किंवा प्रवाहाच्या कडेला तो स्थिर राहतो आणि ओहोटीबरोबर वाहत येणारी कोळंबी, बोय व इतर लहान मासे तोंड झटक्यात उघडून आत ओढून घेतो. गढूळ पाण्यात भक्ष्याची हालचाल त्याला अंगावरील पार्श्वरेषेच्या संवेदनेने कळते. लाकडी, प्लॅस्टिकचे किंवा रबरी ल्युअर नेमकी हीच हालचाल उत्पन्न करते. त्यात ना गंध, ना चव. असतो तो केवळ थरथरीचा आभास. कामगंध सापळ्यातील ल्युअर ज्याप्रमाणे मादीच्या गंधाचा आभास निर्माण करून नर पतंगाला बोलावते, त्याच तत्त्वाचे हे दुसरे रूप आहे.

मात्र येथे एक मूलभूत फरक आहे आणि या लेखाचा सारा रोख त्या फरकावर आहे. फळमाशीसाठी आपण मिथाइल युजेनॉलचे सापळे लावतो, तेव्हा त्यात नर सापडतात. एक नर अनेक माद्यांशी समागम करू शकतो. त्यामुळे थोडे नर शिल्लक राहिले तरी प्रजनन चालू राहते आणि म्हणूनच असे सापळे एकरी पुरेशा संख्येने, संपूर्ण शिवारात एकाच वेळी लावावे लागतात. याउलट प्रथिनयुक्त आमिष मादी फळमाशीला आकर्षित करते, कारण अंडी परिपक्व होण्यासाठी तिला प्रथिनांची गरज असते. कोणत्याही किडीची संख्या वेगाने घटवायची असेल, तर अंडी घालण्याच्या बेतात असलेली मादी हटवणे हा सर्वांत परिणामकारक मार्ग असतो. पीक संरक्षणाचा हा पहिला धडा आपण शेतकऱ्यांना शिकवतो. जिताड्याच्या बाबतीत हाच धडा आपण नकळत उलट्या जागी गिरवत आहोत.

याचे कारण जिताड्याच्या जीवनक्रमात आहे. बहुसंख्य जिताडे प्रथम नर म्हणून परिपक्व होतात, साधारणतः तीन-चार वर्षांच्या वयात. पुढे सहा ते आठ वर्षांचे झाल्यावर, लांबी 85 ते 100 सेंटिमीटरच्या आसपास पोहोचली की त्यांचे लिंगपरिवर्तन होते आणि उर्वरित आयुष्य ते मादी म्हणून जगतात. स्थानपरत्वे या आकड्यांत फरक पडतो. आशियातील काही ठिकाणी हा बदल लवकर होतो आणि काही मासे आरंभापासूनच मादी असतात. तथापि, नियम तोच राहतो: खाडीतील सर्वांत मोठे जिताडे बहुतांशी माद्या असतात. शिवाय मादी जितकी मोठी, तितकी तिची अंडी अधिक. पूर्ण वाढलेल्या मादीच्या अंड्यांची संख्या कोटीच्या घरात जाते.

आता हौशी गळकऱ्याचे मानस पाहा. लहान मासा मिळाला तर तो हळहळतो. हात भरून मासा मिळाला, की छायाचित्र निघते आणि त्याचे कौतुक होते. म्हणजे ज्या माशाचे पाण्यात असणे सर्वांत मोलाचे, तोच पाण्याबाहेर काढण्याची प्रतिष्ठा सर्वांत मोठी. हा दोष व्यक्तीचा नाही. जिताड्याचे हे जीवशास्त्र त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवलेच नाही.

प्रचलित नियम या प्रश्नाला पुरेसे उत्तर देत नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात असलेली मासेमारीबंदी मुख्यतः यांत्रिक नौकांच्या संदर्भात आहे. काठावरच्या गळाचा विचार तीत नाही. लहान मासे पकडू नयेत म्हणून किमान आकार ठरवून देण्याची पद्धत केरळने सुरू केली आणि 2023 मध्ये महाराष्ट्रानेही 54 प्रजातींसाठी असा आकार निश्चित केला. हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु किमान आकाराचा नियम पिलांना वाचवतो, मातांना नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात बारामुंडीसाठी 58 सेंटिमीटरची खालची आणि 120 सेंटिमीटरची वरची मर्यादा आहे, ती याच जाणिवेतून. युरोपीय सी बास हा वेगळ्या कुळातील मासा आहे आणि त्याच्यात असे लिंगपरिवर्तन होत नाही. तरीही साठा खालावल्यावर तेथे 2015 मध्ये किमान लांबी 36 वरून 42 सेंटिमीटर करण्यात आली आणि हौशी गळकऱ्याने दिवसाला किती मासे घरी न्यावेत, यावरही बंधन आले. हौसेला हिशेब असू शकतो, हे या उदाहरणांवरून दिसते.

आपल्याकडे कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. माझ्या मते काठावरून गरवणाऱ्यांनी स्वेच्छेने एक साधा संकेत पाळावा: 55 सेंटिमीटरपेक्षा लहान आणि 80 सेंटिमीटरपेक्षा मोठा जिताडा पाण्यात परत सोडावा आणि मधल्या आकाराचा दिवसाला एकच मासा घरी न्यावा. खालच्या मर्यादेमुळे माशाला नर म्हणून प्रजननाची संधी मिळते. वरच्या मर्यादेमुळे माद्या वाचतात आणि मादी होण्याच्या उंबरठ्यावरचे मासेही वाचतात. मधल्या आकारावर ताण येऊ नये, यासाठी एका माशाची अट. काठीवर 55 आणि 80 या अंतरांवर रंगाच्या दोन खुणा केल्या, की मोजपट्टीचीही गरज उरत नाही.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कोळी बांधव जाळ्याने मोठे जिताडे पकडतात; मग हौशी माणसावरच बंधन का? उत्तर न्यायाचे आहे. ज्याची चूल त्या माशावर पेटते, त्याच्याकडे त्यागाची पहिली मागणी करणे योग्य नव्हे. ज्याला मासा केवळ आनंद देतो, त्याने सुरुवात करावी. आणि छायाचित्राचा आनंद मासा सोडल्यानेही कमी होत नाही.

दुसरा आक्षेप असा की, बीज आता उबवणी केंद्रात तयार होते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी जलजीवपालन संस्थेने 1997 मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले, ही आपल्या संशोधनाची अभिमानास्पद कामगिरी आहे. परंतु केंद्रातील बोटुकली तळ्यात जाते. खाडीतील साठा खाडीतील मातांवरच अवलंबून असतो. रायगडच्या खारभूमीतील अनेक शेतकरी पावसाळ्यात खाडीतून आलेली पिल्ले तळ्यात वाढवतात. त्यांच्या दृष्टीने तर खाडीतील मोठी मादी म्हणजे फुकट चालणारे उबवणी केंद्र होय.

तिसरा आक्षेप: सोडलेला मासा जगतो कुठे? योग्य हाताळणी असेल तर जगण्याची शक्यता पुष्कळ वाढते. तिहेरी गळाऐवजी एकेरी गळ वापरावा आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. मासा फार वेळ झुंजवू नये. हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन त्याला आडवे धरावे. जबड्याला धरून उभे टांगू नये. कल्ल्यात बोटे घालू नयेत. त्यात माशाची हानी आहेच, शिवाय त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाजवळची धार हात कापते. लांबी शक्यतो पाण्यातच मोजावी आणि मासा स्वतःहून निसटेपर्यंत त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवावे. खडकात अडकलेले रबरी ल्युअर शक्य तेथे सोडवून परत न्यावे.

आता आमच्या बाजूचा हिशेब. जिताडा खाऱ्या पाण्यात अंडी घालतो, परंतु त्याची पिल्ले पावसाळ्यात निमखाऱ्या आणि गोड्या पाण्याकडे सरकतात. उघाड्यांतून खारभूमीच्या भातशेतीत, चरांत आणि तळ्यांत शिरतात. कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना आणि कोळंबीला अत्यल्प प्रमाणातही अतिविषारी ठरतात. भातावर तपकिरी तुडतुड्यांचा नैसर्गिक शत्रूही ती मारतात आणि त्यामुळे तुडतुड्यांचा पुन्हा उद्रेक होतो, हे आपण जाणतोच. म्हणजे खारभूमीच्या भातात त्यांचा वापर दोन्हीकडून तोट्याचा आहे. फवारणी आर्थिक नुकसान पातळी पाहूनच करावी, फवारणीनंतर खाचरातील पाणी काही दिवस खाडीत सोडू नये आणि फवारणी पंप चरात धुऊ नये, एवढी शिस्त आपण शेतकऱ्यांना सांगू शकतो. गळकऱ्याला मासा सोडायला सांगताना आपल्या फवारणीकडे डोळेझाक करणे न्याय्य ठरणार नाही.

विस्तार कार्यकर्त्यांना यात काम आहे आणि प्रगतशील शेतकऱ्यांना संधी आहे. खारभूमीचे बांध आणि उघाड्या शेतकऱ्यांच्या देखरेखीखाली असतात. उघाडीचे तोंड हीच तर गरवण्याची उत्तम जागा. ग्रामसभेने आकाराचा संकेत ठरवून तेथे मराठीत फलक लावला, तर तो शहरातून आलेल्या पाहुण्यालाही कळेल. कृषी पर्यटन करणाऱ्याने काठी, मार्गदर्शक आणि घरचे जेवण यांचे शुल्क घ्यावे आणि मोठा मासा सोडण्याची अट आधीच सांगावी. मारलेला मोठा जिताडा एकदाच विकला जातो. जिवंत राहिलेला मासा दरवर्षी पाहुणा आणतो आणि पिल्लेही देतो. केरळातील पोक्कळी शेती असो वा गोव्यातील खाजन, जेथे भात आणि मासे एकाच पाण्यावर वाढतात, तेथे हा विचार तितकाच लागू पडतो.

किडीच्या बाबतीत मादी राखली तर पीक जाते. जिताड्याच्या बाबतीत मादी राखली नाही तर खाडी रिती होते. कोणाला हटवायचे आणि कोणाला राखायचे, हा विवेक शेतीने आपल्याला शिकवला आहे. तो बांधाच्या पलीकडच्या पाण्यापर्यंत नेणे आपल्याच हाती आहे.