मधुमेहाची मुळे पाळण्याआधीची

मधुमेह हा सुखवस्तू घरातला आणि पन्नाशीनंतरचा आजार, ही समजूत शहरी मध्यमवर्गात अजूनही घट्ट आहे. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांनी ती खोटी ठरवली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या गावांतील स्त्रियांच्या नोंदी गर्भधारणेच्या आधीपासून ठेवायला सुरुवात केली. जन्मलेली मुले अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्यातील ३७ टक्के तरुण आणि १८ टक्के तरुणी मधुमेहाच्या उंबरठ्यावर, तर काही त्याच्याही पलीकडे पोचलेल्या आढळल्या. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे ही मुले लठ्ठ नव्हती. जवळजवळ निम्म्यांचे वजन उंचीच्या मानाने कमीच होते.

याचा उगम शोधायचा तर इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात जावे लागते. तेथे १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्मावेळचे आणि पहिल्या वाढदिवसाचे वजन टिपून ठेवत. या जुन्या वह्यांचा छडा लावून डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले, की जन्मतः आणि वर्षाचे असताना वजन कमी असलेल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते. पाठोपाठ मधुमेहाबाबतही असाच संबंध दिसला. वैद्यकविश्वाने आरंभी हा सिद्धांत फारसा मनावर घेतला नाही. धूम्रपान, तूप-लोणी आणि बैठे काम हे ठरलेले आरोपी हाताशी असताना पोटातल्या गर्भाकडे कोण पाहणार?

कारणमीमांसा मात्र सरळ आहे. आईकडून मिळणारे पोषण तोकडे पडले, की गर्भ मेंदूला झुकते माप देतो आणि इतर अवयवांच्या वाढीत काटकसर करतो. स्नायू कमी राहतात, स्वादुपिंडाची इन्शुलिन तयार करण्याची ताकद बेताची राहते, मूत्रपिंडातील गाळण्यांची संख्या घटते. या गाळण्या पुढे कधीच वाढत नाहीत. अशा शरीराला आयुष्यभर बेताचेच अन्न मिळाले तर ते निभावून नेते. गाव सुटून शहर आले, चालणे संपून दुचाकी आली, की जुनी काटकसर अंगावर येते.

भारतीय बाळाची गोष्ट याहून गुंतागुंतीची निघाली. पुण्याजवळच्या गावांतील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली, तेव्हा आपली बाळे सरासरी सुमारे २.७ किलोची, तर तिकडची ३.५ किलोची होती. स्नायू आणि पोटातील अवयव लहान. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किरकोळ, आतून चरबी राखलेले! याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारी छापून हे गमतीने पटवून दिले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

मग कमी वजनाच्या बाळाला भरपूर खाऊ घालून गुटगुटीत करावे, हा आजीचा उपाय योग्य का? पहिल्या दोन वर्षांतील वाढ हितकारकच असते. धोका त्यानंतरच्या वेगाने वाढणाऱ्या वजनात आहे. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांच्या पाहणीत (ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली) तिशीच्या आसपास मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळलेली माणसे दोन वर्षांची असताना कृश होती; दोन ते बारा या वयात मात्र त्यांचे वजन उंचीच्या तुलनेत झपाट्याने चढत गेले होते. तरीही बाराव्या वर्षी त्यांच्यापैकी कुणालाही लठ्ठ म्हणता आले नसते.

पोषण म्हणजे केवळ पोटभर अन्न नव्हे, हेही पुण्याच्याच अभ्यासातून पुढे आले. तेथील साठ टक्क्यांहून अधिक गर्भवतींमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, फॉलिक आम्ल मात्र पुरेसे होते. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फॉलिक आम्ल जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा विरोध सर्वाधिक दिसला. आपला सरकारी कार्यक्रम गर्भवतींना देतो ती गोळी लोह आणि फॉलिक आम्लाची. ब-१२ तिच्यात नाही. ही गोळी बंद करावी असा याचा अर्थ मुळीच नाही, कारण लोहाची गरज वादातीत आहे. पण जेथे दूध, अंडी, मांस ताटात क्वचितच येते, तेथे ती अपुरी आहे, हे मान्य करायला इतका विलंब का व्हावा?

विलंबाची दुसरी बाजू वेळापत्रकाची आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ ते २०१२ या काळात स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून रोज देण्यात आला. सर्व बाळांचे मिळून सरासरी वजन लक्षणीय वाढले नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे. मात्र किमान तीन महिने आधीपासून खाऊ मिळालेल्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सुमारे ४८ ग्रॅमने अधिक भरले, आणि गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के राहिले. गर्भाचे अवयव घडतात ते पहिल्या काही आठवड्यांत. अंगणवाडीचा पूरक आहार सुरू होतो तो गरोदरपणाची नोंद झाल्यावर. तोपर्यंत हे आठवडे बहुधा निघून गेलेले असतात.

म्हणजे लक्ष द्यायला हवे ते किशोरवयीन मुलीकडे. शाळेतील पोषण आहार आठवीनंतर थांबतो. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी केंद्राची योजना आहे, पण २०२२ मधील फेररचनेनंतर ती ईशान्येकडील राज्ये आणि आकांक्षित जिल्हे यांच्यापुरती उरली. महाराष्ट्रात असे जिल्हे चार : गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. ज्या सहा गावांनी हे सारे जगाला दाखवून दिले, ती पुणे जिल्ह्यात आहेत. तेथील नववीतल्या मुलीचे नाव या योजनेच्या यादीत बसत नाही.