बांध उपटणारे रखवालदार

मालवण तालुक्यातील धामापूरच्या तलावाला १५३० पासून बांध आहे. बांध पाण्याचा शत्रू नसतो; पाण्याने कोठे थांबावे, एवढेच तो ठरवितो. शासनाच्या दंडशक्तीलाही असाच बांध लागतो. गुन्हा आणि दहशतवाद यांतील भेद हा त्या बांधातील एक मुख्य चिरा होय. तो चिरा आज खुद्द रखवालदारच उपटीत आहेत.

या भागाला हा धडा नवा नाही. १९७१ चा ‘मिसा’ देशाच्या अंतर्गत सुरक्षिततेच्या नावाने आला. सप्टेंबर १९७४ मध्ये वटहुकूम काढून तो तस्करांनाही लागू करण्यात आला. तस्करांचा कैवार कोण घेणार? वर्षही लोटले नाही तोच, जून १९७५ मध्ये, त्याच कायद्याने प्रा. मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात डांबले गेले. धामापूर ज्यात मोडत होते त्या राजापूर मतदारसंघाचे ते खासदार होते. हत्यार तेच राहिले. सावज तेवढे बदलले.

यावर १९९३ चा दाखला हमखास दिला जातो. १२ मार्च रोजी मुंबईत २५७ माणसांचे बळी घेणाऱ्या कटातील स्फोटके याच कोकणपट्टीवर, रायगडातील दिघी व शेखाडी येथे, तस्करांच्या मळलेल्या वाटेने उतरली. मग तस्कर आणि दहशतवादी यांत फरक तो काय, असे विचारले जाते. परंतु ती स्फोटके कायदा तोकडा होता म्हणून उतरली नाहीत. कस्टम्सच्या आणि पोलिसांच्या माणसांनी लाच खाऊन डोळे मिटले म्हणून उतरली. त्यांच्यापैकी अनेकांना पुढे विशेष न्यायालयाने शिक्षा ठोठावल्या. साधा कायदा विकला गेला होता. विकला गेलेला कायदा अधिक कठोर केल्याने प्रामाणिक होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली, हितेंद्र ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या ‘टाडा’ प्रकरणातच, बजावले होते की प्रत्येक गुन्हेगाराला दहशतवादी ठरविता येणार नाही. ‘टाडा’ १९९५ मध्ये संपला. १९९९ मध्ये महाराष्ट्राने ‘मोक्का’ आणला आणि संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येतच बंडखोरीला उत्तेजन देण्याचा हेतू घुसविला. पोलीस अधीक्षक वा वरच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुरावा ठरला. आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढविण्याची सोय झाली.

याचे फळ काय? ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांसाठी ‘मोक्का’ न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरविले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने कबुलीजबाब अविश्वसनीय ठरवून सर्वांना निर्दोष सोडले. शासनाच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. आरोपींची एकोणीस वर्षे गेली. आणि मृतांच्या नातलगांना न्याय मिळाला काय? कबुली सहज मिळू लागली की तपास आळसावतो, आणि त्याची किंमत दोन्ही बाजूंची घरे मोजतात.

आता तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने संघटित गुन्हेगारी कलम १११ मध्ये आणि दहशतवादी कृत्य कलम ११३ मध्ये शेजारीशेजारी आणून बसविले आहे. गुन्हा कलम ११३ खाली नोंदवावा की ‘यूएपीए’खाली, हे पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाचा अधिकारी ठरविणार. ‘यूएपीए’त खटल्यासाठी निदान शासनाची पूर्वसंमती लागते, येथे तीही नाही. म्हणजे धामापूरच्या एखाद्या तरुणावर कोणता शिक्का बसावा, हे ओरोसच्या कचेरीतील एका लेखणीवर अवलंबून राहील.

दहशतवादाशी लढू नये, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु ज्याला साध्या चोराविरुद्ध पुरावा गोळा करता येत नाही, त्याच्या हाती दहशतवादाचा शिक्का देणे हे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे. पोलिसांपुढील कबुलीजबाब पुराव्यातून बाद करा. कलम ११३ खालील प्रत्येक खटल्याआधी स्वतंत्र छाननी बंधनकारक करा. निर्दोष सुटलेल्यांना भरपाई द्या. आणि खोटा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर खटले भरा. हे करण्याची तयारी नसलेल्या शासनाला दहशतवादाचा बंदोबस्त नको आहे. त्याला विनाजाब सत्ता हवी आहे.