आई नको

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. वय २३. त्याला बोलता येत नाही, पण टॅब्लेटवरच्या चित्रावर बोट ठेवलं की टॅब्लेट त्याच्या वतीनं बोलतो. यंदा सुट्टीला कुठं जायचं, असं मी विचारलं तेव्हा त्यानं आधी पेंग्विन दाखवला, मग समुद्र. आणि मग एकापाठोपाठ दोन चित्रं दाबली : आई, नको.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मात्र पटलं. तेवीस वर्षांचा कुठला मुलगा आईला घेऊन सहलीला जातो?

आम्ही मूळचे सांगलीचे, आता मेलबर्नचे. ऑस्ट्रेलियात २०१३च्या कायद्यानं एनडीआयएस ही योजना आली. अपंगत्वामुळे लागणाऱ्या मदतीचा खर्च तिच्यातून होतो. ‘सरकारी पैशानं सुट्टी’ म्हटलं की लोकांच्या भुवया उंचावतात, म्हणून हिशेब सांगते. खोलीचं भाडं, पेट्रोल, जेवण, तिकीट सगळं आमच्या खिशातून गेलं. सुट्टीचा खर्च योजनेत बसणार नाही, हे ऑक्टोबर २०२४ पासून नियमांतच लिहिलेलं आहे. आम्हाला मिळाली ती सपोर्ट वर्करची मजुरी. उचलून खुर्चीत बसवणं, आंघोळ घालणं, भरवणं, रात्री कूस बदलणं. तो घरी असता तरी एवढं करावंच लागलं असतं.

तयारीला तीन महिने गेले. शनिवार-रविवारी मजुरीचा दर चढा असतो, म्हणून मंगळवार ते गुरुवार ठरवलं. रात्री मदतनीस तिथंच झोपतो, ती ‘झोपेची पाळी’ आठ तासांची. तिच्यात दोन तासांपर्यंतचं उठणं-बसणं धरलेलं असतं, त्याहून जास्त उठावं लागणार असेल तर हिशेब बदलतो. मी दोन आठवडे वहीत लिहीत होते, तो रात्री कितीदा उठवतो ते. सरासरी तीनदा, दरवेळी दहा-पंधरा मिनिटं. पाळी पुरणार होती.

खोली शोधताना जीव मेटाकुटीला आला. जाहिरातीत ‘व्हीलचेअरसाठी सोयीची’ लिहिलेलं असतं. मी फोन करून म्हणायची, न्हाणीघराच्या दाराला टेप लावा आणि फोटो पाठवा. एका ठिकाणी दार ६२ सेंटिमीटर निघालं. आमची खुर्ची ६६. दुसरीकडे दारातच पायरी. तिसरीकडे जमलं.

आणि माणसं. आधीच्या वर्षी एका संस्थेनं ऐनवेळी अनोळखी माणूस पाठवला होता. माझ्या मुलाला पातळ पाण्याचा ठसका लागतो. त्यात पावडर घालून ते दाट करायचं, हनुवटी जराशी खाली ठेवायची, अर्धा चमचा द्यायचा आणि गळ्याची हालचाल दिसेपर्यंत थांबायचं. त्या माणसाला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. आम्ही ती सहल दारातूनच रद्द केली. यंदा दोघं त्यानं स्वतः निवडले, एक पंजाबी मुलगा आणि एक केनियाहून आलेल्या बाई. दोघांनी आधी घरी येऊन चार वेळा भरवण्याचा सराव केला.

ते तिघं फिलिप बेटावर गेले. तिथं अंधार पडता पडता छोटे पेंग्विन समुद्रातून किनाऱ्यावर येतात. लाकडी उतारावरून व्हीलचेअर थेट बघायच्या जागेपर्यंत जाते. तिथं फोटो काढायला मनाई आहे, म्हणून माझ्या फोनवर काहीच आलं नाही. जे कळलं ते त्यानं घरी येऊन सांगितलं. अंधार. पाणी. छोटा. आणि मग ‘छोटा’ याच चित्रावर त्याचं बोट अकरा वेळा पडलं. मी मोजलं.

डिसेंबरात सांगलीला गेले तेव्हा हे सगळं मावसबहिणीला सांगितलं. तिची लेक एकोणीस वर्षांची, आजार तोच. बारा वर्षांत ती माउली एक रात्रही लेकीला सोडून कुठं झोपलेली नाही. आपल्याकडे सोबतीशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या दिव्यांगांना रेल्वे जी सवलत देते, तीच त्यांच्या सोबत्यालाही देते. पण सोबती म्हणजे आई, हे सगळ्यांनीच धरून चाललेलं आहे. तशा तरतुदी आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त मदत लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. महाराष्ट्रात २०२२पासून दिव्यांगांसाठी वेगळा विभाग आहे. महापालिकेपासून ग्रामपंचायतीपर्यंत ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो.

त्या निधीतून सायकली, यंत्रं, रोख मदत मिळते, ती मिळायलाच हवी. माझी मागणी एवढीच, की त्यातून वर्षाला सहा दिवस शिकवून तयार केलेल्या मदतनिसाची मजुरी द्या. गाडीभाडं आणि जेवणाचं घरचे बघतील. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात आजाऱ्यांची सेवा करून घर चालवणाऱ्या बायका थोड्या नाहीत. त्यांना आठ-पंधरा दिवसांचं शिक्षण द्या, तालुक्याला त्यांची यादी ठेवा.

‘परक्या बाईच्या हाती पोरगी कशी सोपवू?’ असं बहीण म्हणाली. ही भीती खरी आहे. मुलीच्या बाबतीत तर दुप्पट खरी. म्हणून माणूस तोच तो हवा, पोलिस पडताळणी हवी, एकीऐवजी दोघीजणी हव्यात, आधी घरी सराव हवा, आणि पहिली सहल एकाच रात्रीची. गणपतीपुळ्यालाच जाऊ दे, पण आईविना.

बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ते तीन दिवस तू काय केलंस गं?’

पहिल्या दिवशी फोन हातात धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी झोपले, ती दुपारी चारपर्यंत.

तिनं लेकीच्या हनुवटीवरची लाळ पदरानं टिपली. ‘ती रात्रीची पाळी,’ तिनं विचारलं, ‘किती वाजता सुरू होते म्हणालीस?’